नऊ सप्टेंबर, चाळीस शब्दांत

भाची: …हे अस्वलाचं ऐक. ‘सर्कशीतून सुटलेले अस्वल बाजारातील न्हाव्याच्या दुकानात शिरले व तासभर खुर्चीत बसून राहिले. कोणालाही इजा झाली नाही.’

आत्या: न्हाव्याचा घोटा वगळता. तो मागच्या खिडकीतून उडी मारून पळाला तेव्हा मुरगळला. माझ्या कार्डावर स्पष्ट लिहिलंय.

भाची: अगं आत्या, अस्वलानं कुठे मुरगळला त्याचा घोटा?

आत्या: अस्वल आलं नसतं तर त्यानं उडी मारली असती का? घाल ते. ‘न्हाव्याचा घोटा वगळता कोणालाही इजा झाली नाही.’ तीनच शब्द वाढतात, नोंद चाळीसच्या आतच राहते.

भाची: घातलं. म्हणजे नऊ सप्टेंबरच्या तीन नोंदी झाल्या. मनोऱ्याच्या घड्याळाला चौथी तबकडी बसली ती, पहिली बाई बसचालक, आणि हे अस्वल. आता वाचनालयाची राहिली.

आत्या: ती वाचू नकोस. पाठ आहे मला. चहा घे, गार होतोय.

भाची: वाचते तरी. ‘नदीचे पाणी धोक्याच्या रेषेवर गेल्याची सूचना मिळताच चारशे नागरिकांनी रांग करून नगर वाचनालयातील अकरा हजार पुस्तके हातोहात टेकडीवरच्या शाळेत हलवली. रात्री पाणी ओसरले. एकही पुस्तक भिजले नाही.’

आत्या: ठीक आहे. पाठव छापखान्यात.

भाची: पाचपर्यंत पाठवायचंय. पुस्तकाची तीनशे पासष्ट पानं गेली, हे एक अडलंय. आणि आत्या, घड्याळ नि अस्वल फोनवरही झालं असतं. मी दोन बस बदलून आले ती या एका नोंदीसाठी.

आत्या: का? एक्केचाळीस वर्षं दर नऊ सप्टेंबरला ती पेपरात आली. माझं रोजचं दिनविशेषाचं सदर तुझ्याकडे आलं त्यालाही चार वर्षं झाली, तूही चार वेळा छापलीस. आत्ताच काय झालं तिला?

भाची: पाणी खात्यानं जुनी रजिस्टरं स्कॅन करून ठेवलीत. म्हटलं, शहराच्या दिवसांचं पुस्तक निघतंय, तर त्या दिवसाचं पान फोटोत टाकू. आतोबांच्या अक्षरातलं. नदी मोजणारे तेच होते, त्यांच्या एका आकड्यानं पुस्तकं वाचली…

आत्या: मग टाक. अक्षर मोत्यासारखं आहे त्यांचं.

भाची: अक्षराला काही झालं नाही गं. सकाळी सात वाजता, पाणी अठरा फूट. धोक्याची रेषा सतरा. इथवर सगळं जुळतंय. पण दोन मैल खाली रेल्वेचा पूल आहे, तेही पाणी मोजायचे. त्यांच्या रजिस्टरात त्या दिवशी पाणी आदल्या दिवसाइतकंच आहे. बोटभरसुद्धा वर नाही. मग आपल्या पुलाखालून गेलेला पूर मधल्या दोन मैलांत कोण पिऊन गेलं?

आत्या: रेल्वेचं रजिस्टर मी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या कागदावर मी बोलत नाही.

भाची: ही घे. प्रत काढून आणलीय.

आत्या: चष्मा आत राहिलाय.

भाची: कपाळावर आहे.

(आतल्या खोलीतून आतोबा येऊन दारात उभे राहतात. आत्या कागद हातात घेते, पण चष्मा खाली ओढत नाही.)

आतोबा: तिच्याकडे देऊन काय उपयोग? तिला ठाऊक आहे त्यात काय लिहिलंय ते. इकडे आण.

आत्या: तुम्ही झोपला होतात ना?

आतोबा: नदीचा विषय निघाला की जाग येते. नोकरीची खोड आहे, जाता जात नाही. हं. हे अठरा माझ्या हातचेच. आणि चुकलेले. पाणी चौदा फूट होतं, बरं का पोरी.

आत्या: झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बावन्न वर्षं झाकलेली, आणि ह्यांनी दारात उभं राहून उघडली.

आतोबा: झाकून झाकून बोटं आखडली गं.

भाची: थांबा, थांबा. आतोबा, माझे बाबा सांगायचे, दाजी पेल्यातलं पाणीसुद्धा मोजून पितात. तुमच्या हातून चौदाचे अठरा कसे होतील?

आतोबा: बसतो आधी. हे असं आहे. पुलाच्या तिसऱ्या खांबावर मापपट्टी असते, फुटांचे आकडे रंगवलेली. पाणी ज्या आकड्याला टेकलं तो वाचायचा, रजिस्टरात लिहायचा, वर ऑफिसात फोन करून सांगायचा. माझं सगळं काम एवढंच. तेव्हा मी चार दिवस रजेवर होतो, धाकट्या बहिणीचं सामान घेऊन तिच्या सासरी गेलो होतो. त्या चार दिवसांत खात्यानं जुनी पट्टी काढून नवी बसवली. नवीचं शून्य चार फूट खाली. म्हणजे पाणी तेवढंच, पण आकडा चारनं जास्त दिसणार. तसं पत्रही आलं होतं, महिनाअखेरपर्यंत चार वजा करून लिहावे.

भाची: आणि पत्र?

आतोबा: पुलाजवळच्या माझ्या चौकीतल्या टेबलाच्या खणात. बदलीवाला ठेवून गेला. सांगायचं राहिलं म्हण, किंवा त्याला वाटलं, खण उघडेल तेव्हा दिसेलच. आता त्या खणात मी ठेवायचो जेवणाचा डबा नि चमचा. आणि डबा उघडायची वेळ दुपारी एक.

आत्या: आल्या आल्या डबा खणात ठेवला असता तर तेव्हाच दिसलं असतं.

आतोबा: बघ, बावन्न वर्षं हेच ऐकतोय. त्या दिवशी डबा सायकललाच राहिला. धुकं होतं म्हणून मी आधी पट्टी वाचायला धावलो. अठरा दिसले. दोनदा वाचले, तीनदा वाचले. हजारदा वाचले असते तरी अठराच. फोन केला. साहेबांनी नगरपालिकेला केला, त्यांनी भोंगा वाजवला. नदीकाठाला सगळ्यात खाली वाचनालय. पुढचं तुला माहीतच आहे.

भाची: मग एकला डबा आणून चमच्यासाठी खण उघडलात, आणि पत्र हातात आलं.

आतोबा: डबा तसाच राहिला. फोन उचलला तर ऑफिसात घेणारं कुणी नाही. सगळे रांगेत. साहेबसुद्धा. सायकल हाणत वाचनालयाशी गेलो. म्हटलं, ओरडून सांगू, थांबा हो, काही येत नाही. तर तिथे ती रांग. दारापासून सुरू झालेली, चढ चढून, पिठाच्या गिरणीला वळसा घालून, शाळेच्या वरच्या मजल्यापर्यंत. कसायाच्या शेजारी डॉक्टर. डॉक्टरांच्या शेजारी त्यांच्यावर खटला घातलेला माणूस. बेकरीतले सगळे. शिवणाच्या वर्गातल्या मुली. आणि कुणी बोलत नव्हतं गं. नुसता आवाज, पुस्तक घेतल्याचा, दिल्याचा. मी सायकल भिंतीला टेकवली, आणि ओरडायचं सोडून रांगेजवळ गेलो.

भाची: मग रांगेत शिरलात, आणि शेजारी आत्या. हे मला माहीत आहे. घरातल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतंच, ह्यांचं रांगेत जमलं म्हणून.

आतोबा: जमलं ते पुढे. तेव्हा ती वाचनालयातली मदतनीस, दारात सगळ्यात पहिली. कपाटातली पुस्तकं काढून रांगेला लावून द्यायची. तिच्या पुढ्यात पोस्टमन होता, वाकून वाकून त्याची पाठ आखडली, तो बाजूला झाला. त्याच्या जागी मी. तीन-चार पुस्तकं घेतली आणि सांगून टाकलं. हळूच. म्हटलं, बाई, पाणी येणार नाहीये. माझ्याकडून चूक झालीय.

भाची: आत्याला? तिथेच? आत्या, म्हणजे तुला एक वाजल्यापासून माहीत होतं?

आत्या: सव्वा. चौकीपासून सायकलनं पंधरा मिनिटं लागतात.

भाची: आणि तू काय म्हणालीस?

आत्या: म्हटलं, पुढचं पुस्तक घ्या.

भाची: एवढंच?

आत्या: मग काय करणार होते? पाच हजार टेकडीवर, सहा हजार खाली. विश्वकोशाचे पहिले सात खंड शाळेत आणि बाकीचे माझ्या पायाशी. तिथे थांबवायचं? काम अर्धवट टाकायची सवय मला नाही. आणि चूक झाली म्हणून ओरडले असते तर चारशे माणसं ह्यांच्यावर धावून आली असती. सत्तावीस वर्षांचा मुलगा, घामानं भिजलेला, जेवलेला नाही.

आतोबा: जेवलो नव्हतो हे तुला कसं कळलं?

आत्या: पोट बोलत होतं तुमचं.

भाची: आणि संध्याकाळी? दुसऱ्या दिवशी? कुणालाच कळलं नाही?

आतोबा: दुसऱ्या दिवशी मी चार वजा करून चौदा लिहिले. लोक म्हणाले, पाणी उतरलं. नदी आहे, उतरतेच. साहेबांचं नगरपालिकेत कौतुक झालं. ते इतके खूश, की त्यांच्यासमोर पत्र ठेवायला हात पुढे होईना. मग मी आपलं एक ठरवलं. पुस्तकं खाली परत आली ती ढिगानं, कशाला कशाचा मेळ नाही. ती लावायला रोज संध्याकाळी ड्यूटी सुटली की जायचं. तीन महिने गेलो.

भाची: ते तुम्ही आत्यासाठी जात होतात, असं सगळे…

आतोबा: गेलो प्रायश्चित्ताला, मिळालं सासर.

आत्या: पहिले दोन आठवडे तर माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत. ‘भूगोल कुठे?’ आणि ‘चरित्रं कुठे?’ एवढंच.

भाची: आत्या, तुझं कार्ड मी बरोबर आणलंय. मूळ कार्ड. बघ, तुझ्याच शाईतलं. प्रत्येक कार्डावर खाली दोन रकाने, एक कागदाचा, एक माणसाचा. कागदाचा पुरावा आणि डोळ्यांनी पाहिलेल्या किंवा घरात ऐकलेल्या माणसाची सही, दोन्ही असल्याशिवाय नोंद नाही. नियम तुझा. ह्या कार्डावर कागद आहे, आतोबांचं रजिस्टर. माणसाचा रकाना रिकामा. हजारो कार्डं मी चाळली. रिकामा रकाना हा एकच.

आत्या: माहीत आहे.

भाची: चारशे माणसं होती गं रांगेत. कुणाचीही सही मिळाली असती.

आत्या: रांगेची मिळाली असती. ‘रात्री पाणी ओसरले’ ह्याची कुणाची घेऊ? पहिल्या वर्षी सदर सुरू झालं तेव्हा संपादक म्हणाले, वाचनालयाची नोंद हवीच, तुम्ही स्वतः होतात तिथे. मी नऊ तारखेच्या आदल्या दिवशी तीनदा लिहिलं नि फाडलं. शेवटी खोटं लिहिलं. पण त्याच्याखाली कुणाला खोटी सही करायला लावली नाही. तेवढं पाळलं.

आतोबा: मी म्हटलं होतं, माझी घे.

आत्या: आपल्याच चुकीला आपल्याला साक्षीदार होता येत नाही. नियम म्हणजे नियम.

भाची: त्या घड्याळजीला तू अकरा वर्षं परत पाठवलंस. मनोऱ्याचं घड्याळ पहिल्यांदा त्याच्या आजोबांनी चालू केलं म्हणायचा. एकदा तर ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीत डोळे पुसत बसला होता. मी लहान होते. तू म्हणालीस, कागद आहे, पण माणूस आणा.

आत्या: आणि बाराव्या वर्षी त्यानं आणला. नव्वद वर्षांची बाई आणली खुर्चीत बसवून, चार माणसांनी उचलून, दोन जिने चढवून. दुसऱ्या दिवशी छापलं मी त्याचं. मी तोंडानं कितीही कडू असले तरी हाताची खोटी नाही, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

भाची: म्हणूनच विचारतेय. मी काय करू? हवं तर मी काही पाहिलंच नाही. कागद पिशवीत घालते, नोंद आहे तशी जाऊ दे. तुझ्यासाठी तेवढी डोळेझाक करीन मी. पण मग उद्या कुणी घड्याळजी माझ्याकडे आला, तर त्याला काय सांगू, तेही आजच सांगून ठेव.

आत्या: तू वकील व्हायला हवं होतंस.

भाची: किंवा नोंदच गाळते. अस्वलावर भागवते.

आतोबा: ते नको. रांग झाली होती, ती खोटी नाही. ती गाळू नका. पण माझं खरं करून लिहा. आता लिहिलं नाही तर कधी? एकोणऐंशी झाली मला. वाचनालयवाले दर वर्षी बोलावतात, पहिल्या ओळीत बसवतात, गुच्छ देतात. नवीन बाई आहेत ना, त्यांनी मागच्या वर्षी माईकवर सांगितलं, ह्यांच्या तीक्ष्ण नजरेमुळे आपला ठेवा वाचला. मी गुच्छाआड तोंड लपवून बसलो. समोर शाळेची मुलं टाळ्या वाजवतायत. यंदा मी पत्र पाठवून कळवलंय, येत नाही म्हणून.

आत्या: मला न विचारता.

आतोबा: विचारलं असतं तर तू पत्रातली वाक्यं सुधारून दिली असतीस, आणि त्यात मी येतो असं झालं असतं.

आत्या: लोक हसतील तुम्हाला. बाजारात, बसमध्ये. पट्टी वाचता येत नव्हती म्हणतील.

आतोबा: हसू दे की. आमच्या वयाच्या माणसाला बघून लोक नुसते हळहळतात. कुणी हसलं तर तेवढाच बदल.

आत्या: तुमचं झालं. आणि त्यांचं? बेकरीवाला अजून सांगतो, मी एकट्यानं हजारो पुस्तकं पुढे दिली. नातवंडांना सांगतो, गिऱ्हाइकांना सांगतो. त्याला जाऊन सांगायचं, बाबा, उगाच राबलास, पाणी येतच नव्हतं?

आतोबा: उगाच कसा? पुस्तकं हलली ती खरीच हलली. आणि तो तर आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकाला शिवला होता. पुढच्या महिन्यात सभासद झाला, हे तूच सांगितलं होतंस मला. वाचायला येत नव्हतं, पुस्तक नेऊन बायकोकडून वाचून घ्यायचा, आणि शेवट आवडला नाही की तुझ्याशी भांडायला यायचा.

आत्या: आणि तो रंगारी.

भाची: कुठला रंगारी?

आत्या: पट्टीवरचे आकडे रंगवणारा. तोही होता रांगेत. आदल्या दिवसाचा पांढरा रंग नखांत तसाच. त्यानं दिलेल्या प्रत्येक पुस्तकावर अंगठ्याचा पांढरा ठसा. निवृत्त होईपर्यंत ती पुस्तकं माझ्या टेबलावरून जायची. वाचक म्हणायचे, बाई, हे काय लागलंय? मी म्हणायचे, जुना डाग आहे, जात नाही. त्याला बिचाऱ्याला सांगितले होते तेवढे आकडे त्यानं रंगवले. आपण रंगवलेल्या पट्टीमुळे आपण इथे उभे आहोत, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

भाची: मला एक सांग. एवढी चारशे माणसं होती, त्यांतल्या कुणाला वाईट वाटेल म्हणून तू अडलीयेस, की दुसरं काही आहे?

आत्या: दुसरं काय असणार?

भाची: आत्या.

आत्या: …एक नोंद खोटी निघाली की लोक बाकीच्यांकडे बोट दाखवतात. एक्केचाळीस वर्षं. दर सकाळी लोक चहाबरोबर वाचायचे, आणि वाद झाला की म्हणायचे, बाईंनी लिहिलंय ना, मग झालं. ते जाईल.

भाची: जाईलही थोडं. पण मी हे तीन दिवसांत शोधून काढलं, आणि रजिस्टरं आता सगळ्यांनाच उघडी आहेत. तुझ्या माघारी दुसऱ्या कुणी काढलं तर तो ‘बाई खोटं बोलल्या’ एवढंच लिहील. तुला बोलायला जागाच उरणार नाही. आज तू सांगितलंस तर तूच सांगितलंस.

आतोबा: पोरगी बरोबर बोलतेय.

आत्या: दोघं एका बाजूला झालात म्हणून बरोबर होत नाही. पण आहे खरं ते. …आता ऐक. ते अर्ध्या पुस्तकांचं कारण. विश्वकोशाचे सात खंड वगैरे. ते मी नंतर शोधलं.

आतोबा: नंतर म्हणजे?

आत्या: नंतर म्हणजे नंतर. रात्री घरी जाऊन. तेव्हा, सव्वा वाजता, मला तसलं काही सुचलं नव्हतं.

आतोबा: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

आत्या: तुम्ही विचारलंत कधी? चार वर्षं मी त्या टेबलाशी बसले होते. दिवसाला अकरा माणसं यायची. त्यातली पाच पेपर वाचायला, दोन पंख्याखाली बसायला. कपाटांच्या वरच्या फळ्यांवरची पुस्तकं मी आल्यापासून कुणी काढलेलीच नव्हती, मीच पुसायची. आणि त्या दिवशी चारशे. एकेक पुस्तक चारशे हातांतून जायचं. वरच्या फळीवरचंसुद्धा. कुणी नाव वाचून पुढे देत होतं, कुणी उघडून बघत होतं नि मागचा कोपर मारत होता. शिवणाच्या मुलींनी तर ताऱ्यांचं एक पुस्तक पाच मिनिटं अडवून ठेवलं. मला ते थांबायला नको होतं. पाणी येवो न येवो. ह्यांना वाचवायला नाही, पुस्तकांना वाचवायला नाही. माझ्यासाठी. चारशे माणसांना मी तीन तास राबवून घेतलं, जेवणाच्या वेळेला, माझ्या हौसेपायी. आणि नंतर बावन्न वर्षं ह्यांना वाटू दिलं की मी ह्यांची चूक पोटात घातली.

भाची: आतोबा, ऐकलंत ना?

आतोबा: ऐकलं. मी आपला समजत होतो, एकट्यानं चूक केली.

आत्या: हसताय काय?

आतोबा: बरं वाटलं म्हणून. खरंच. चार फुटांतले दोन तुझे निघाले.

आत्या: किती वाजले?

भाची: चार वाजून दहा.

आत्या: घे लिहून. जुनी नोंद पूर्ण काढ. तिच्यातलं एक वाक्य ठेवू नकोस, नाहीतर ठिगळ दिसतं. लिही. ‘नवी मापपट्टी बसल्याचे ठाऊक नसल्याने नदीमापकाने पाणी चार फूट जास्त कळवले.’

आतोबा: पत्र खणात होतं, ते?

आत्या: तुमच्या डब्याला चाळीस शब्दांत जागा नाही. पुढे. ‘चारशे नागरिकांनी नगर वाचनालयातील अकरा हजार पुस्तके हातोहात टेकडीवरच्या शाळेत नेली. दुपारी सव्वा वाजता चूक कळूनही वाचनालयातल्या मदतनीस बाईने रांग थांबवली नाही.’

आतोबा: ते नको घालू. तुझं कशाला त्यात? पट्टी मी वाचली.

आत्या: साक्षीदाराला कधी कळलं आणि त्यानं काय केलं, हे नको का यायला? दुसऱ्या कुणाचं असतं तर मी घातलंच असतं. लिही गं. ‘पाणी आले नाही.’

भाची: ‘एकही पुस्तक भिजले नाही’ हे ठेवू?

आत्या: पाणीच आलं नाही तर भिजणार कशानं? तेच तर बावन्न वर्षं मिरवलं आपण. काढ. त्याऐवजी, ‘पुस्तके लावायला तीन महिने लागले.’ मोज.

भाची: …अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. एक जास्त होतोय. ‘दुपारी’ काढू?

आत्या: दुपार राहू दे. ‘नगर’ काढ. शहरात दुसरं वाचनालय आहेच कुठे?

भाची: झाले चाळीस. आता कार्ड. कागदाच्या रकान्यात रेल्वे पुलाचं रजिस्टर, आणि आतोबांचं. माणसाच्या रकान्यात…

आत्या: दे इकडे. हे पेन नको, शाईचं दे. आणि तारीख आजची घाल. मागची घालू नकोस.

आतोबा: चष्मा तरी ओढ खाली.

आत्या: ओढला. झाली सही. वाचता येतेय का?

भाची: अगदी स्पष्ट. मी गॅलरीत जाऊन छापखान्याला सांगते, पान पाठवतेय म्हणून. इथे फोनला रेंज नीट येत नाही. आत्या, पुस्तकाच्या मागे तुझा परिचय आहे ना, त्यात ‘अचूक नोंदींसाठी ख्यात’ असं आहे. तसंच ठेवू?

आत्या: ‘अचूक’ काढ. ‘नोंदींसाठी’ पुरे.

आतोबा: गेली बघ गॅलरीत. दार लोटून गेली, शहाणी आहे.

आत्या: तुमच्या बाजूनं बोलली म्हणून शहाणी.

आतोबा: एक विचारू? तेव्हाचंच आहे. मी तुझ्या कानाशी इतकी मोठी गोष्ट सांगितली, आणि तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. पुस्तक हातात दिलंस, बस. मी किती वर्षं धरून चाललोय, की तुला त्या वेळी माझा राग आला होता.

आत्या: राग कसला? वर पाहिलं असतं, तर माझे हात थांबले असते.